लुसेरो क्लबचा इतिहास आणि ती पनवती

शनिवार, ५ सप्टेंबर
हरलो. शून्य-तीन. तेही घरच्या मैदानावर, आणि ज्यांचा सेंटर फॉरवर्ड पोट सांभाळत धावतो अशा टीमकडून. शी!

आजपासून लुसेरो देल सुर क्लबचा इतिहास लिहायला घेतोय. निश्चय पक्का. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस या वस्तीत दुसरा आहे कोण? शेवटचा चॅप्टर ठरलाय: ‘लुसेरो वरच्या डिव्हिजनमध्ये’. तो दिवस आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, मग लिहिणार. तोवर मरणार नाही, असं ओफेलियाला सांगितलं. बायको म्हणाली, अरे देवा, म्हणजे मला अजून बरीच वर्षं स्वयंपाक आहे.

रविवार, ६ सप्टेंबर
चॅप्टर पहिला, स्थापना. इंदुस्त्रियाल क्लबने चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांना हाकललं. कारण काय, तर यांच्या अंगाला वास येतो! त्यांनी समोरच्याच गल्लीत आपला क्लब काढला. शर्ट चॉकलेटी, कारण कारखान्यात तोच रंग उरला होता. इंदुस्त्रियालवाले अजूनही आम्हाला बघून नाक धरतात. नालायक लेकाचे.

दीड पान झालं. तेवढ्यात ऑरेलिओ येऊन मातेचा कडू चहा पीत बसला. हा ओफेलियाचा धाकटा भाऊ. स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसतो, सॉसेजचा पाव खातो आणि तेलकट हात माझ्या बाहीला पुसतो. मूड गेला. लेखन बंद.

शनिवार, १२ सप्टेंबर
पुन्हा हरलो.

एक किळसवाणा प्रकार नोंदवून ठेवतो. मी पायऱ्या चढून स्टँडमध्ये शिरलो की आजूबाजूचे बाप्ये डावा हात पँटच्या खिशात घालून नको तिथे चाचपतात. बायका डाव्या छातीवर हात ठेवतात. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो: जवळपास पनवती आहे. पनवतीचं नाव घ्यायचं नसतं, घेतलं की घेणाऱ्यालाच भोवते. गुपचूप हात लावायचा, बस्स.

म्हणजे आमच्याच स्टँडमध्ये कुणीतरी पांढऱ्या पायाचा बसतोय! कोण असेल? शेजारी बघितलं. ऑरेलिओ पाव खात होता.

रविवार, २७ सप्टेंबर
रिसर्च जोरात. मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिल्यांदा मॅचला नेलं. लुसेरो त्याच दिवशी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, तो आजतागायत तिथेच. स्टँडचं छप्पर उडालं, तेव्हा मी त्याखाली बसलो होतो. आमच्या कॅप्टनने स्वतःच्याच गोलमध्ये हेडर मारला, तेव्हा मी गोलच्या मागेच होतो. क्लबने एकमेव कप जिंकला, तेव्हा नेमकं मला गालगुंड झालं होतं. चिलीच्या दौऱ्यात सगळ्या मॅच जिंकल्या, पण शाळेने मला रजा दिली नाही. नशीब एकेकाचं!

असो. क्लबच्या प्रत्येक काळ्या दिवसाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. असा इतिहासकार दुसऱ्या कुठल्या क्लबला मिळाला?

अडचण एकच. छप्पर उडालं तेव्हा ऑरेलिओ जन्मलाही नव्हता. पण पनवतीचा परिणाम मागच्या काळावरही होत असावा. अभ्यास करायला हवा.

शनिवार, १० ऑक्टोबर
क्लबच्या कॅन्टीनमध्ये गेलो. तिथल्या काउंटरवरच्या चिचोला सरळ विचारलं, पनवती कोण? त्याच्या हातातला ग्लास पडला. म्हणाला, प्रोफे (मास्तर म्हणून सगळे मला हेच म्हणतात), मी बालबच्चेवाला माणूस आहे, मला कशाला यात ओढता? मी म्हणालो, नाव नको सांगूस, माझ्याच रांगेत बसतो का तेवढं सांग. तो छताकडे बघायला लागला. मी म्हणालो, अगदी माझ्या जागेजवळ? त्याने छातीवर क्रूस काढला. आणखी काय पुरावा पाहिजे! डावा हात मात्र त्याने पूर्ण वेळ काउंटरखाली ठेवला होता. त्याच हाताने नंतर मला एम्पानादा, म्हणजे खिम्याची करंजी, वाढली. ओक येईल नाही तर काय!

शनिवार, १४ नोव्हेंबर
चिचोच्या एम्पानादाने आधी पोट बिघडलं, मग पाठ धरली. महिनाभर अंथरुणात. तेवढ्यात लुसेरोने धडाधड मॅच जिंकल्या आणि फायनल गाठली! समोर इंदुस्त्रियाल. जिंकलो की वरच्या डिव्हिजनमध्ये. ऑरेलिओ प्रत्येक मॅचला होता, तरी जिंकलो. विचित्र आहे. मी शेजारी नसल्यामुळे त्याचं लक्ष लागत नसेल.

आता पाठ बरी आहे. फायनलला जाणारच.

सोमवार, १६ नोव्हेंबर
प्रेसिडेंट एवारिस्तोंना भेटलो. आडपडदा न ठेवता म्हणालो, फायनलला ती व्यक्ती स्टँडमध्ये दिसता कामा नये. ते खुर्चीतून उठलेच. मी म्हणालो, नाव घेत नाही. ते म्हणाले, नका, नका, अजिबात नका! मी म्हणालो, माणूस माझ्याच घरातला आहे, मला काय यातना होतात ते माझं मला ठाऊक, पण क्लब मोठा. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, प्रोफे, कमिटीत किती वर्षं हा विषय निघतोय, पण कुणाची जीभ रेटत नव्हती. तुम्ही आपणहून आलात. केवढं हे मन! मिठी मारायला पुढे आले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, लांबूनच उजवा हात हलवला. गेटवर सांगून ठेवतो म्हणाले.

बिचारा ऑरेलिओ. रात्री जेवायला आला तेव्हा त्याला माझ्या वाटचं मटण दिलं.

शनिवार, ५ डिसेंबर
सकाळी दाढी, चॉकलेटी टाय, पेनात नवी शाई. दुपारी गेटवर. ऑरेलिओ माझ्या पुढे होता. गेला आत!

मी ओरडलो, अरे, त्याला काय सोडता? गेटवर चिचो होता. म्हणाला, कुणाला, ऑरेलिओला? त्याला का अडवू? मग हळूच म्हणाला, प्रोफे, तुम्ही कशाला आलात? प्रेसिडेंटनी काल लाउडस्पीकरवरून सांगितलं, तुम्ही स्वतःहून बाहेर थांबताय म्हणून. बायका रडल्या हो.

मी म्हणालो, मी त्याच्याबद्दल बोलत होतो.  चिचोचा डावा हात खिशात गेला. मागे वळून बघितलं. अख्ख्या रांगेचे हात खिशात. ऑरेलिओ तर केव्हाच आत गेला होता.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

चिचो म्हणाला, तिकीट तुमच्याकडे आहे, प्रोफे, आयुष्य घातलंत तुम्ही इथे, जायचं म्हणालात तर मी अडवणार नाही. गेट उघडं धरलं त्याने. आतून बँडचा आवाज येत होता. हिरवळीचा एक तुकडाही दिसत होता.

बस आली म्हणून घरी आलो.

एक-शून्य. लुसेरो वर गेला. संध्याकाळी सगळी वस्ती घरासमोर गोळा झाली, पण पलीकडच्या फुटपाथवर. माझ्यावर गाणं रचलं होतं. जिथे माझं नाव यायचं तिथे सगळे मिळून शिट्टी वाजवत होते. ओफेलियाने गॅलरीत ढकललं, तर निम्मे पळाले.

बाथरूममध्ये जाऊन रडलो.

रविवार, ६ डिसेंबर
शेवटचा चॅप्टर लिहायला बसलो. मी बघितलेला नाही, म्हणून ऑरेलिओला सांगायला बसवलं. गोल कसा झाला विचारलं, तर म्हणतो, तेव्हा मी पाव आणायला गेलो होतो.

जाताना त्याने पाकीट दिलं. कमिटीकडून, एकमताने, कृतज्ञतापूर्वक: पुढच्या पूर्ण सीझनचा पास. इंदुस्त्रियालच्या स्टँडचा. माणसं कुठल्या थराला जातात! तिडीक आली. पास फाडायला घेतला.

फाडला नाही. इतिहासकाराने तटस्थ असावं. सीट चांगली आहे, अगदी गोलच्या मागे.