तुझा हार्नेस मी कापला

प्रिय दादूस,

तुझा हार्नेस मी कापला. शुक्रवारी दुपारी, माझ्या शिलाईच्या दुकानातल्या मोठ्या कात्रीनं, वहिनीच्या आणि तुझ्या सायलीच्या डोळ्यांदेखत. वहिनी केवढ्यानं ओरडली, "अगो, त्यांना इचारलंस तरी काय?" आता तुला कुठं जाऊन विचारू? दोन वर्षं झाली तुला जाऊन. पण तिचं बोलणं मनात राहिलं, म्हणून आज रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर तुला माहीत आहे. हसू नकोस, नीट वाच.

आधी एक सांगते. लोक अजून मला विचारतात, "तुझा भाऊस पॅराग्लायडिंग करताना पडला ना गो?" मी तिथल्या तिथं सुनावते. पडला नाय! इतकी वर्षं डोंगरावरून उडला, गुडघासुद्धा फुटला नाय त्याचा. छातीत कळ आली ती तळोजाला, चुलतभावाच्या हळदीला, पंगतीत बसला असताना. तू निष्काळजीपणानं गेलास असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

जासईच्या यार्डात होतास ना तू आधी, ट्रेलरवर माल बांधायला? तुझी सगळी शिस्त तिथलीच. पट्टा एके ठिकाणी जरी कातरलेला दिसला तरी तुम्ही तो नुसता टाकत नव्हता, मधोमध कापून टाकत होता. मी म्हटलं होतं, चांगला पट्टा वाया का घालवता रं? तू म्हणालास, "आखा टाकला तर कोनतरी उचलतो आनी परत लावतो. कापला का मंग कोनी हात लावत नाय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मग माझ्यावरच वेळ आली!

आठवतं का तुला? यार्ड सोडून तू डोंगरावर त्या उडायच्या शाळेत लागलास, स्वतः शिकलास, आणि उडताना बसायची ती पट्ट्यांची झोळी, तुझा पहिला हार्नेस, घेतलास. कुणाचा तरी वापरलेला. मांडीच्या पट्ट्याच्या कडेला दशा निघालेल्या. तू जेवायला घरी गेलास तेवढ्यात मी तो मशीनवर घेतला. जाड दोरा, चार शिलाया उभ्या, चार आडव्या, जीन्सला मारते तशा. तू येशील, शाबासकी देशील, म्हणून वाट बघत बसले. तू आलास, बोटानं शिलाई चाचपलीस, माझीच कात्री उचललीस आणि पट्टा कापलास.

"सुमे, तू शिवलं नाय, भोकं पाडलीस. दोरा तुजा, सुई तुजी, पन लटकनार मी ना?"

आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. एवढा कसला माज, म्हटलं! नवव्या दिवशी तूच आलास, हार्नेसची पिशवी घेऊन. तिची चेन गेली होती. "हे शिव," म्हणालास. "पिशवी, खिसा, चेन आखं तुजं. पन वजन घेनाऱ्या पट्ट्याला सुई लावायची नाय. तो बनवनाऱ्याकडं जाईल, नायतर कात्रीत जाईल." तेव्हापासून डोंगरावरच्या निम्म्या लोकांच्या पिशव्या माझ्याकडे येतात. पट्टा शिवायला कुणी आलं तर मी दारातूनच परत पाठवते. चिडतात. चिडू देत.

पण ते आठ दिवस मला अजून लागतात. फुकट घालवले मी.

आणि मला टांगलंस ते? दुकानाच्या लोखंडी तुळईला! "अंगावर घेतल्याबगर तुला कळनार नाय," म्हणालास. साडीखाली तुझी पँट चढवली आणि लटकले. तेवढ्यात ब्लाउज न्यायला एक बाई आली. म्हणते कशी, "काय गो, नवऱ्याला कटालून उडाया चाललीस काय?" मी लटकल्या लटकल्याच तिला तिचा ब्लाउज कुठल्या फळीवर आहे ते सांगितलं. तू हसून हसून खाली बसलास. पण त्या दिवशी पाठ झालं ते झालं. घालताना आधी मांड्यांचे पट्टे, मग छातीचा. काढताना छातीचा आधी, मांड्यांचे शेवटी. बक्कल वाजलं म्हणजे बसलं असं नाही, ओढून बघायचं. मांड्यांचे पट्टे विसरून कुणी धावला तर जमीन सुटल्यावर तो खाली घसरतो, आणि मग नुसत्या हातांवर माणूस किती वेळ लटकणार?

एवढं सगळं बहिणीला शिकवलंस. मग बायकोला का नाही शिकवलंस?

दर दसऱ्याला वहिनी तुझा हार्नेस पाटावर ठेवायची. हळद, कुंकू, झेंडू. आणि बक्कलांना खोबरेल, तिच्या माहेरी होडीच्या इंजिनाला हात जोडून तेल घालतात तसं! तू पाटासमोर गप हात जोडायचास. दुसऱ्या दिवशी ती मासळीबाजारात गेली की हार्नेस घेऊन माझ्याकडे यायचास. कोमट पाणी, थोडा साबण, फडकं. बक्कल पुसून, चार चार वेळा लावून-काढून, सावलीत वाळवून मगच घरी न्यायचास. मी म्हणायचे, अरे सांग ना तिला! तर तुझं एकच. "राहू दे गो. मी डोंगरावर गेलो का ती घाबरून बसते. तेवढंच बरं वाटतं तिला."

मऊ होतास तू, दादूस. पण तू गेल्यावर पुसणार कोण, हा विचार केलास कधी? आणि मी तरी कुठं केला? माझ्या हातातलं काम होतं ते. तो हार्नेस मला बघवत नव्हता, एवढंच कारण. दोन दसरे तसेच गेले.

तुझी सायली आता तुझ्याच त्या उडायच्या शाळेत शिकतेय. शुक्रवारी ती नाचत दुकानात आली. "आत्या, रविवारी मला एकटीला सोडणार! मी बाबांच्याच हार्नेसमध्ये बसून उडणार." मागून वहिनी, हार्नेस छातीशी धरून, लहान पोर धरावं तसा.

मी तो टेबलावर पसरला. पावसाळ्यात कुबट वास येतो म्हणून वहिनीनं तो गच्चीवर तारेवर टाकला होता, दिवसच्या दिवस उन्हात. खांद्याचा निळा पट्टा राखाडी झालेला, हाताला कडक. आपल्या आईचं नायलॉनचं जाळं एकदा उन्हात राहिलं होतं, आठवतं? दोन्ही हातांनी ओढलं की तटातट तुटत होतं. तसाच हाताला लागला. मग मांडीचं बक्कल लावलं. टक्क वाजलं.

"बघ, चालतंय की!" सायली म्हणाली.

मी धरून ओढलं. सुटून हातात आलं! आत खोबरेल, धूळ आणि कुंकू, सगळ्याचा लगदा.

"धुऊन दे ना, आत्या."

"बक्कल धुऊन देईन. उन्हानं खाल्लेला पट्टा कसा धुऊ?"

"रविवारी सर बघतीलच ना."

"बघतील, नाही म्हणतील, आणि तू परत नेऊन कपाटात ठेवशील. पुढच्या वर्षी पुन्हा काढशील."

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "तिच्या बापाचा हाय तो. तो सांबालेल तिला."

झालं! आखा ठेवला तर कोणतरी उचलणार, हे तुझंच बोलणं. आणि इथं तर उचलणारी तुझीच पोर. मी कात्री घेतली. मांड्यांचे दोन्ही पट्टे कापले, मग खांद्यांचे.

वहिनी रडायला लागली, नको नको ते बोलली मला. मग मीही तोंड सोडलं. दर दसऱ्याचं तिचं तेल तू माझ्या दुकानात येऊन पुसत होतास, ते सांगून टाकलं. "मला कदी बोलला नाय," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तुझं गुपित फोडलं मी. माफी मागत नाही. ते तूच सांगायचं होतंस.

आज सकाळी डोंगरावर गेलो. सायलीला शाळेचा हार्नेस दिला, चांगल्यातला. सरांनी तपासला. मग मी तपासला. सर हसले, हसू देत. वहिनी आली होती, माझ्याशी न बोलता, हातात ताट. हळद, कुंकू, दिवा. आता हिला चारचौघांत अडवायचं?

ती सायलीपाशी गेली. कपाळाला कुंकू लावलं. मग बोट पदराला पुसलं, चांगलं घासून घासून. ताट खाली ठेवलं, वाकली, आणि मांडीचा एक पट्टा धरून ओढला. मग दुसरा. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सुमन, बसलंय काय गो नीट?"

"बसलंय," मी म्हटलं. "तरी अजून एकदा ओढ."

तिनं ओढला. पोरगी धावली, आणि पाय सुटले की जमिनीवरून! काय सांगू तुला. खाली मैदानात उतरली ती दोन पायांवर. छातीचा पट्टा आधी सोडला, मांड्यांचे शेवटी. मी वरून डोळे बारीक करून बघत होते.

तुझ्या हार्नेसमधली बसायची फळी तेवढी वहिनीनं ठेवून घेतली. दुपारी तिच्यावर बसून कोळंबी सोलत होती. मला ताटभर वाढलं. बोलली फारसं नाही, पण वाढलं.

आता ऐक. सायली स्वतःचा हार्नेस घेईल, तेव्हा दसऱ्याला तोही पाटावर बसेल. पिशवीवर मी लाल खण शिवून देणार आहे, कुंकू त्याच्यावर लावायचं, बक्कलाला तेलाचा थेंब नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी पुसायला जाईन, वहिनीच्या समोर, चोरून नाही. आणि त्याचे दिवस भरले की कात्री माझीच. मग पोरगी आठ दिवस बोलली नाही तरी चालेल. नवव्या दिवशी मी पिशवी घेऊन तिच्या दारात जाईन.

तुझी,
सुमी