चंडोल कुठे गेला?

अहो,

नावानं कधी हाक मारली नाही, आता पत्रात तरी कशी मारू? उद्या रविवार. माळावरची तुमची झाडं काढायची म्हणतात. गटाचं ठरलंय, मी हो म्हटलं तरच. चार दिवस झाले, माझं काही ठरतच नाही. तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल लावला असतात!

दचकलात ना? परके कुणी नाहीत हो, आपल्याच रविवारच्या झाडं लावणाऱ्या गटातली माणसं. "काकू, हा माळ ओसाड नव्हताच. गवत हेच इथलं जंगल, तेच परत आणायचंय," गटातली बॉटनीची मुलगी सांगते. मग इतकी वर्षं आपण काय केलं?

रविवारी आपल्या द्वारका चौकातून माळाकडे स्कूटर निघायची. तुमच्या पायांत पाण्याचे दोन कॅन, माझ्या मांडीवर एक. गुडघे तिथेच गेले माझे, पण ते जाऊ दे.

तो म्हातारा मेंढपाळ आठवतो? "सायेब, हितं झाडं नका लावू. लय गुणाचं गवत हाय." तुम्ही हसलात. थर्मासमधला चहा ओतता ओतता मीही हसले. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून गिरिपुष्पाची झाडं लावलीत, ती अशी माजली की खाली गवताची काडी उरली नाही. मेंढरं घेऊन तोही पुन्हा आला नाही.

आणि तो चंडोल! गवतातून गात गात सरळ वर जायचा, तुम्ही कॅन खाली ठेवून बघत राहायचात. मग दिसेनासा झाला. "चंडोल कुठे गेला गं? झाडं मोठी झाली की येईल." दवाखान्यातसुद्धा तेच विचारलंत. काल मी त्या मुलीला विचारलं. म्हणाली, "काकू, तो मोकळ्या गवतात, जमिनीवर घरटं करतो. झाडांत नाही येत."

अहो, आपणच घालवला की त्याला!

तुमच्यावर चिडू तरी कशी? किती मायेनं पाणी घातलंत! आणि ह्या गटाचं तरी बरोबर कशावरून? उद्या कुणी तिसरंच सांगेल. डोकं चालत नाही माझं. तुमच्या हातचं तेवढंच उरलंय, तेही उपटू?

तरी हो म्हणणार आहे. चूक की बरोबर, देव जाणे. पहिलं झाड मीच काढीन, दुसऱ्या कुणाचा हात आधी नको. नंतरही दर रविवारी जाईन. थर्मास नेईन, कप दोन. तो मेंढपाळ भेटलाच, तर चहा देऊन दोघांच्या वतीनं माफी मागीन.

आणि चंडोल दिसला, तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, तिथूनच ओरडेन, "अहो, आला!"

तुमचीच,
मालती