गोदा, मी विलायतेला निघालो

प्रिय गोदा,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मी हैदराबादेत शिकत होतो तेव्हा तुला वाचता येत नव्हतं, आणि तू वाचायला शिकलीस तोवर मी घरी परतलो होतो. चारचौघांत तुझं नावसुद्धा घेतलं नाही कधी. आज घेतो. उद्या हिंगोलीहून गाडी धरायची, मग पूर्णा, मनमाड, मुंबई आणि तिथून बोट. घराबाहेर पडताना घरच्या माणसाला सांगून निघायचं असतं ना? म्हणून लिहायला बसलो.

मला घेतलं गं! विलायतेच्या विद्यापीठानं घेतलं. कापसावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करायचा आहे.

आठवतं तुला, अर्ज लिहून मी पेटीत टाकून दिला होता? लढाई चालू होती, बोटी बुडत होत्या. मी म्हणालो, "आता कोण कुणाला घेतंय?" तू चूल फुंकता फुंकता म्हणालीस, "लढाई काय जन्मभर चालती व्हय? ती संपल, मंग काय सांगताल?"

लढाई संपली, पण तेव्हा तू नव्हतीस. आठवडाभराच्या तापानं गेलीस. एवढी कसली घाई होती तुला?

पुढे मी पेटी उघडली, तर पाकिटावर तू वाहिलेलं हळदीकुंकू! पत्ता अर्धा पुसून गेलेला. अगं, साहेबाला वाचता आलं पाहिजे, एवढं तरी ध्यानात घ्यायचं! नवं पाकीट आणून त्यात अर्ज घातला आणि टपालात टाकला.

मग तयारीच तयारी. पासपोर्टासाठी हैदराबादेच्या चकरा, देवीची लस, लोकरीचा कोट. टाय बांधायला हेडमास्तरांनी शिकवलं. तो बांधून घरी आलो, तर आपली मंदा म्हणाली, "बाबा, बैलाचं दावं गळ्यात काहून बांधलं?" काट्यानं जेवायचीही सवय केली. भाकरी मात्र काट्याला दाद देत नाही गोदा, काही केल्या देत नाही!

सगळं झालं, पण मंदाला कुठं ठेवायचं ते ठरत नव्हतं. माझ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, धावत्या पोरीमागं ती कुठं पळणार? म्हणून बैलगाडी जुंपली आणि मंदाला घेऊन तुझ्या माहेरी, साखऱ्याला गेलो.

तुझ्या आईनं, मामींनी, मंदाला उचलून घेतलं, मुके घेतले. चहा झाल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, लेकराची काळजी सोडा. पन येक करा. आमच्या कौसाला करून घ्या आन मंग जा. पोरीला आई भेटल, आन तुमी बी तिकडून मडम आणणार न्हाईत." मामा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले.

रागावू नकोस आईवर. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण मला हो म्हणवेना. नाही म्हणावं तर मंदाला ठेवू कुठं? आणि मंदाची सोय नाही, तर बोट कसली नि विलायत कसली!

हात धुवायला परसात गेलो. तुझी धाकटी बहीण कौसा तांब्या घेऊन आली. माझ्या हातावर पाणी घालता घालता हळूच म्हणाली, "दाजी, तुमी न्हाई म्हणा. मी म्हणून राहिले, तर कुणी ऐकून न्हाई राहिलं."

"काहून? मी वाईट आहे का?" मी चेष्टेनं विचारलं.

ती हसली नाही. "अक्काचं लुगडं नेसते मी. पन अक्काच्या जागी नका बसवू. तुमी माझ्याकडं बघताल आन अक्काला हुडकताल."

"नाही म्हणेन," मी तिला शब्द दिला. खरंच होतं तिचं. तिचा आवाज मागून आला की आजही मी वळून बघतो. तू काखेत घेऊन फिरवलेली कौसा एवढी शहाणी कधी झाली गं?

संध्याकाळी मामींना सांगितलं, "कौसाशी मी लग्न करणार नाही. परत आल्यावरही नाही. तिच्यासाठी चांगलं स्थळ बघा."

मामी ताडकन उठल्या. "मंग लेकरू बी घेऊन जा! आमी काय धर्मशाळा काढली हाय?" आणि आत निघून गेल्या. मी मनातल्या मनात बोटीचं तिकीट परत करून टाकलं. वाईट वाटलं, पण कौसाला दिलेला शब्द मोडायचा विचार मनात आला नाही, हे तुला सांगतो.

सकाळी बैल जुंपत होतो, तोच मामी बाहेर आल्या. कडेवर मंदा, तेल लावून वेणी घातलेली.

"गाडी काहून जुपली? कारळाची चटणी कुटायची ऱ्हायली की तुमची."

मी दावं हातात धरून त्यांच्याकडं बघितलं.

"असं काय बघता? गोदाची लेक हाय ही. ती माझ्या दारातून माघारी जाईल व्हय?" एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला. आत कौसा अशा जोरानं कुटायला लागली, की मामी ओरडल्या, "अगं, उखळ फोडती काय!"

निघताना वाटलं होतं, मंदा रडेल. मी रडायच्या तयारीत होतो, ती नव्हती. हात हलवून म्हणाली, "जा बाबा. आईला घेऊन लवकर या."

तेव्हा कळलं गोदा. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, आई लांब गेली. आणि मीही लांबच निघालो होतो.

गाडीतून उतरलो. लिंबाखाली तिला मांडीवर घेतलं आणि खरं ते सांगितलं. "आई गेली तिथून कुणी परत येत नसतं मंदा. मी जाऊन राहिलो तिथून माणसं परत येतात."

ती रडली. मीही रडलो. शेवटी माझ्या सदऱ्याला नाक पुसून म्हणाली, "मंग तुमी येणाऱ्याच गावाला जा. दुसऱ्या गावाला नका जाऊ."

गोदा, येताना दोन्ही बाजूंना कापूस पात्यावर, कळ्यांनी भरून आलेला होता, आणि माझं मन किती दिवसांनी हलकं होतं! तुला सोडून चाललोय असं वाटत नाही. तूच ढकलून पाठवते आहेस असं वाटतं.

शिकून मी इथंच येईन, आपल्याच रानात. मंदाचा हात धरून तिला शाळेत मीच नेईन. आणि तू कशी हसायचीस, कशी भांडायचीस, हे तिला मीच सांगेन. तिनं मला परतीचंच गाव दिलंय. ते मी चुकणार नाही, हे तुला वचन.

तुझाच,
मंदाचा बाबा