सुमनच्या बांगड्या

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, संध्याकाळ

आज घरात पाच सवाष्णी जेवायला होत्या. पुरण मी वाटलं, पोळ्या मी लाटल्या. पंगत बसताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू आतच थांब बाई. लोकं बघत्यात." हे गेले त्याला तीन वर्षं झाली. दर वेळी असंच होतं, तरी दर वेळी लागतं.

पहिल्या पाटावर माझी धाकटी जाऊ, सुमन. दीर सहा वर्षं खंडाळ्यात दुसरीबरोबर राहतात, हिला साधा फोन करत नाहीत. पण जिवंत आहेत, तेवढं पुरतं. हिची ओटी भरली. हातभर हिरव्या बांगड्या. माझे हे सीमेवरून दर रविवारी फोन करून "जेवलीस का" विचारायचे. त्याचं काय? पंधरा ऑगस्टला गाव मला वीरपत्नी म्हणून स्टेजवर बसवतं. कुंकू मात्र माझ्या पुढ्यात येत नाही.

नंतर सुमन भांडी घासायला आली. बांगड्या वर सारत म्हणाली, "आक्का, तुमचं बरं हाय. तुमाला कुणाची वाट बघावी लागत न्हाई." मी त्या बांगड्यांकडे बघत राहिले.

सांजवात लावताना सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याला औक्ष माग देवीकडं." मी हात जोडले. आणि मागितलं काय? लिहायला हात धजत नाही. एवढंच, की डोळे मिटले तेव्हा सुमनचे हात माझ्यासारखे मोकळे दिसले, आणि मला बरं वाटलं.