शेजारची खुर्ची

५ फेब्रुवारी

खोटं बोललो. तेही डॉक्टरीणबाईंशी!

साखरेच्या तपासणीचा व्हिडिओ कॉल होता. बायको गेल्यानंतरचा पहिलाच. सवयीने दोन खुर्च्या मांडल्या. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, ती करायची तसा. आमच्या घरात त्या डब्याला तेवढंच काम उरलंय. तिची पाण्याची बाटली अजून तिथेच, खुर्चीच्या पायाशी. कॉल सुरू असताना सारखी प्यायची, मधेच उठून बाथरूमला पळायची. मी चिडवायचो — डॉक्टर माझी आणि घसा तुझा कोरडा!

तिला जागा व्हावी म्हणून मी सरकलो की मला ढकलायची. "मधोमध बसा. तपासणी तुमची आहे, माझी नाही." त्यामुळे पडद्यात तिचं कोपर तेवढं यायचं. आज मी आपणहून कडेला बसलो. बाकी पडद्यात नुसती भिंत.

"काकू कुठायत?" बाईंनी विचारलं.

"आत. कुकर लावतेय." तोंडातून निघूनच गेलं.

६ फेब्रुवारी

का बोललो तसं? दूधवाल्याला माहीत आहे, बँकेला माहीत आहे, वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला माहीत आहे. फक्त त्या पडद्यापलीकडे ती अजून स्वयंपाकघरात आहे. तेवढी एक जागा राहू दे की!

१४ फेब्रुवारी

आजही इंजेक्शन नाही घेतलं. ती द्यायची तेव्हा कळायचंही नाही. काहीतरी भांडण उकरून काढायची आणि मी तावातावाने बोलत असताना टोचून मोकळी! "जन्मभर बस चालवलीत, एवढीशी सुई चालवता येत नाही?" नाही येत. इन्सुलिनचं पेन परत फ्रीजमध्ये ठेवून दिलं.

दुपारी तिचं कपाट उघडलं. ब्लाउज सगळे आतून टिपा घालून घट्ट केलेले. शेवटच्या वर्षी ढगळच व्हायला लागले होते. माझ्याबरोबर तिनेही गोड सोडलं होतं ना! "पथ्य तुमचं आणि बारीक मी," म्हणायची आणि आरशासमोर मिरवायची. कपाटाशीच बसून रडलो.

२० फेब्रुवारी

नाही घेतलं.

५ मार्च

पुन्हा कॉल. साखर फार वाढलेली. बाईंच्या कपाळाला आठ्या. "काकू इंजेक्शन वेळेवर देतायत ना?"

आता "नाही" म्हटलं तर ठपका तिच्यावर. छातीठोकपणे सांगितलं — ती चुकणाऱ्यातली नाही!

"मग डोस वाढवावा लागेल," बाई म्हणाल्या.

पथ्यपाणी समजावणारी सिस्टर मधेच म्हणाली, "काकूंना बोलवा ना. किती दिवसांत त्यांची बडबड ऐकली नाही." झोपलीय म्हणालो. कॉल बंद करून घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

९ मार्च

आज हिंमत केली. डोळे मिटून सुई टोचली — वाढवलेला डोस, पूर्ण. शाब्बास म्हटलं स्वतःला! थोड्या वेळाने दरदरून घाम. हातपाय गार. डोळ्यांसमोर अंधारी. भिंत धरत दारापर्यंत कसाबसा पोचलो. शिक्षिका जिना उतरत होती म्हणून बरं. तिने साखरेचं पाणी पाजलं.

सावरल्यावर तिला खरं सांगितलं. अशी कडाडली! "रोज इंजेक्शन मिळतंय असं समजून त्यांनी डोस वाढवलाय. तुम्ही तर घेतच नव्हता! मेला असतात!"

मरायचं भय नाही वाटलं. बायकोच्या नावावर खोटं सांगून मेलो असतो, त्याची लाज वाटली.

११ मार्च

बाईंना कॉल लावला. सांगून टाकलं. "ती नाहीये. जानेवारीतच गेली. झोपेत. हार्ट, म्हणाले."

सिस्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी डोस कमी करून दिला. सिस्टरने स्वतःच्या पोटाशी रिकामं पेन धरून दाखवलं, माझ्याकडून तसंच करून घेतलं. जमलं!

"काका, आता मधोमध बसा बरं. नीट दिसत नाही तुम्ही." सरकलो. मग उठून तिची खुर्ची भिंतीला लावली. आज खरी गेली असं वाटलं.

शेवटी सिस्टरने बजावलं, "एकटे आहात, लक्ष ठेवा. सारखी तहान लागली, बाथरूमला फार जावं लागलं, वजन उतरायला लागलं, तर लगेच कळवायचं. अंगावर काढायचं नाही."

"तसलं काही नाही होत मला," म्हणालो.

१२ मार्च

तिची बाटली उचलायला वाकलो आणि तिथेच बसलो.

मला नाही होत. तिला व्हायचं.

साखर बघायचं यंत्र घरातच होतं. तिच्याच हातात. रोज माझं बोट टोचायची. तिचं कुणी टोचलं नाही. मीही नाही.