उजवीकडे पाहणारी नवरी

माय,

काल रेल्वेच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर गेले होते आणि तिथे काचेच्या कपाटात तुझी बाहुली पाहून आले. दोन होत्या. एक तुझी आणि एक पलीकडचीची. तिचं नाव मी आजही तोंडाने घेत नाही, पलीकडची म्हणते. आपल्या अंगणाला लागून तिचं अंगण, मध्ये तुराट्यांचं कुंपण, त्या कुंपणाला एक भगदाड, आणि त्या भगदाडातून जन्मभर तिचं येणं-जाणं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. माझे केस पिकले, तिचेही पिकले. आता गोरे लोकसुद्धा आपलं चंबूगबाळं आवरून निघाले म्हणतात, पण माझ्या पोटातलं हे दुखणं काही निघायचं नाव घेत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, ओवा खा.

दुखणं सुरू झालं त्या अक्तीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणापासून सांगते. गल्लीतल्या पोरी अक्तीला बाहुला-बाहुलीचं लग्न लावत. एकीचा नवरदेव, दुसरीची नवरी, पळसाच्या पानांचा मांडव, भिजवलेल्या चण्याच्या डाळीची पंगत. सगळ्यांच्या बाहुल्या चिंध्यांच्या बोचक्यासारख्या, पण माझी नवरी तू केलेली. मला तू अजून दिसतेस. धानाच्या गिरणीतून पाखडणी करून आलेली आहेस, भुवयांवर पांढरी धूळ आहे, चुलीवर अंबाडीची भाजी रटरटते आहे, आणि तू चुलीपुढे बसून मांडीवर बाहुली घेऊन शिवते आहेस. पोटात गिरणीचा भुसा, डोक्यात कापूस. आणि मानेत, एका बाजूला, एक चिंचोका. तो चिंचोका मी पाहिला नव्हता. मला एवढंच दिसत होतं की तू शेवटची गाठ मारलीस आणि बाहुलीची मान डावीकडे हळूच झुकली. मांडवात नवरी नवरदेवाच्या डाव्या अंगाला बसते, म्हणजे ती नवऱ्याकडे पाठ करून आपल्या माहेरच्या माणसांकडे पाहत होती. पोरी बघतच राहिल्या. बायासुद्धा वाकून पाहून गेल्या आणि एकीने पदर डोळ्याला लावला. मी तर अशी फुगले होते की जणू मीच जन्माला घातली तिला.

नवरदेव पलीकडचीचा होता. लाकडाच्या ढलपीला चिंधी गुंडाळलेला, नाक नाही, डोळे नाहीत. पण लग्न म्हणजे लग्न. रीतीप्रमाणे माझी नवरी वाजतगाजत तिच्या घरी गेली, आणि मी रीतीप्रमाणे खोटं खोटं रडले. दुसऱ्या दिवशी खरं रडले. भगदाडातून डोकावले तर पलीकडची पायरीवर बसलेली, मांडीवर माझी नवरी पालथी, पाठ उसवलेली, भुसा सगळा सुपात, आणि ती दोन बोटांत चिंचोका धरून उजेडात पाहते आहे. मी किंचाळत तुझ्याकडे आले.

"माय, तिनं माही नवरी फाडली व! पाह्य न, चल लवकर!"

तू भाकर थापत होतीस. हातसुद्धा थांबला नाही. "फाडली तं फाडली. लगीन लावून देल्ली न तूनं? मंग आता ते त्यायच्या घरची. कायले रडून राह्यली?"

तेवढ्यात ती चोरटी स्वतःच दारात हजर. घाबरलेली नाही, लाजलेली नाही. हातात सूप. तुलाच विचारते, "मोठीबाई, मान वाकडी होवाले हा चिंचोका टाकला का व तुमी?" आणि तू हसलीस. माय, तू मला रडताना पाहून हसली नव्हतीस, तिला विचारताना पाहून हसलीस. म्हणालीस, "बरोबर हुडकलं व पोरी." मी तिथेच उभी होते. माझी नवरी त्या सुपात उसवून पडली होती आणि माझी माय चोराला शाबासकी देत होती. लेकीची समजूत घालायचं कोणाच्याही मनात आलं नाही.

मग तिने आपली बाहुली शिवली. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. तोच भुसा, तोच चिंचोका, तशीच लाल काठाची चिंधी. पण उसवताना बाहुली पालथी होती आणि शिवताना उताणी, त्यामुळे चिंचोका भलत्या बाजूला गेला आणि मान उजवीकडे झुकली. मला कोण आनंद झाला! नक्कल करणारीची फजिती झाली, असं गल्लीभर सांगत सुटले. ती बिचारी, बिचारी कसली, ती बाहुली घेऊन तुझ्याकडे आली आणि म्हणाली, माझी उलटी झाली. तू ती हातात घेतलीस. ढलपीच्या नवरदेवाच्या डाव्या अंगाला बसवलीस. ती माहेराकडे पाहत नव्हती, मान खाली घालून नवऱ्याकडे पाहत होती. जरा मागे सरून दोघांना पाहिलंस. मग म्हणालीस, "हेच चांगलं दिसून राह्यलं. माहेराकडं पाहून पाहून कोनाचा संसार झाला व?" आणि त्या दिवसापासून तूसुद्धा चिंचोका त्या बाजूला घालायला लागलीस.

हे मला आजही गिळता येत नाही. तिने तुझी नक्कल केली ते एक वेळ सोड. तू तिच्या चुकीची नक्कल केलीस! डावीकडे पाहणारी नवरी, जी तू माझ्यासाठी केली होतीस, ती जगात पुन्हा झालीच नाही. पुढे नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत तू बाहुल्या मांडायला लागलीस तेव्हा एकाच गोणपाटावर अर्ध्यात तू आणि अर्ध्यात ती. देवळाकडे जाणाऱ्या बाया थांबत, पोरींसाठी नवऱ्या उचलत, आणि कोणती कोणाची हे कोणी विचारत नसे. मी मागे बसून जळत होते. एकदा एका बाईने पलीकडचीची बाहुली उचलून म्हटलं, काय सुरेख हात आहे, आणि मी पटकन बोलले की हे सगळं माझ्या मायचं आहे, हिने चोरलं आहे. बाई गोंधळून निघून गेली. पलीकडची मान खाली घालून बाहुल्या नीट लावत बसली. तू तिच्यादेखत मला म्हणालीस, "तुले बाहुली नाई पाह्यजे, तुले नाव पाह्यजे. बाहुली पाह्यजे असती तं तूनंच उसवून पाह्यली असती." जत्रेचा सगळा गोंगाट चालू होता, पण मला दुसरं काही ऐकू आलं नाही. घरी येईस्तोवर मी तुझ्याशी बोलले नाही आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

खरं होतं तुझं, म्हणून जास्त लागलं. मी कधी शिकलेच नाही. मला वाटायचं, लेक आहे मी, गिरणीची धूळ जशी तुझ्या अंगावरून माझ्या अंगावर आली तशी ती कलाही कधीतरी येईल. मागायची कशाला? मागतात ते परके. एकदोनदा करून पाहिली, तर नवरी शिंदी पिऊन आल्यासारखी कलंडली. पलीकडची मात्र विचारत राहिली, उसवत राहिली, तुझ्या मांडीला मांडी लावून बसत राहिली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आपल्याच अंगणासाठी म्हटलं असावं. माझं लग्न दूर चोरखमारा गावाच्या बाजूला झालं. पाटाच्या पाण्यावर धान लावताना माझे पाय चिखलात असत आणि डोकं त्या भगदाडात असे: आता ती गेली असेल तुझ्याकडे, आता बसली असेल चुलीपुढे. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी आले, आणि माझ्यासमोर तू मला पाणी भरायचा पितळेचा गुंड दिलास आणि चिंध्यांचं गाठोडं तिला. सासूने गुंड पाहून वाहवा केली. मला ते गाठोडं हवं होतं माय. मी ते बोलले नाही आणि तू विचारलं नाहीस.

तर काल बंगल्यावर. साहेबाच्या मडमेची निघायची तयारी चालली आहे. कपाटभर बाहुल्या आहेत तिच्याकडे, जिथे बदली झाली तिथली एक, खाली पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर गावाचं आणि करणारीचं नाव. आपल्या दोन तिला आधीच्या मडमेकडून मिळाल्या, कोणती कोणाची हे ठाऊक नाही. पण तिची आया आपल्याच गल्लीतली, तिने सांगून ठेवलं होतं की एकीने केली आणि दुसरीने नक्कल मारली. म्हणून आम्हा दोघींना बोलावणं आलं. मडम म्हणाली, "असली कौन सा? असली सामने रहेगा, नकल पीछे." माय, इतकी वर्षं मी हेच कोणीतरी विचारावं म्हणून थांबले होते. मी पलीकडचीकडे पाहिलं. वाटलं भांडेल, निदान पुढे होईल. ती म्हणाली, "इले विचारा. मायची पोरगी हे आहे."

दोन्ही बाहुल्या टेबलावर ठेवल्या. दोघींच्या माना उजवीकडे. एकीची शिवण एकसारखी, नाकाचा टाका मोत्यासारखा, ओठ कसे हसू दाबल्यासारखे. दुसरीचं लुगडं जरा ओढलेलं, एक डोळा वर, एक खाली. मी फार वेळ घेतला नाही. सुरेख होती तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, ही माझ्या मायची. मडमेने तुझं नाव विचारून लिहून घेतलं आणि बाहुली पुढच्या रांगेत ठेवली. दुसरीखाली पलीकडचीचं नाव लिहिलं आणि तिला मागे, अंधाराकडच्या रांगेत ढकललं. माझं काळीज निवलं. खोटं का सांगू, फार निवलं.

फाटकाबाहेर आलो तर पलीकडची पदराने डोळे पुसते आहे. मला वाटलं, लागलं एकदाचं. म्हटलं, काऊन रडून राह्यली व?

"रडून नाई राह्यली," ती म्हणाली. "मायची बाहुली माह्या नावानं विलायतेले चालली. यापेक्षा अखिन काय पाह्यजे मले?"

मी चालता चालता थांबले. म्हटलं, तुले कसं समजलं ते मायची म्हणून?

"डोरे पाह्यले न मी. शेवटी शेवटी मायले सुई दिसे नाई, बाहुलीचा एक डोरा वर जाय, एक खाली. तुले चांगली तेच मायची पाह्यजे होती, म्हनून नाई बोलली मी."

मी तिला वेड्यात काढलं. असं काही नसतं म्हटलं, घाईघाईने पुढे निघाले. आज सकाळपासून हे लिहीत बसले आहे आणि पाठवायचा प्रश्नच नाही. तशी सोय असती तरी पाठवलं नसतं. तुला अक्षर वाचता येत नव्हतं. तू कुंपणापाशी जाऊन तिलाच हाक मारली असतीस, वाच व पोरी म्हणून. आणि तिने वाचलं असतं तर तिला एक गोष्ट कळली असती, जी काल मी फाटकाशी कळू दिली नाही. ते डोळे, माय, मीही पाहिले होते.