रंगाआधी भिंत वाजवून पाहण्याबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
सार्वजनिक इमारत विभाग,
तळमजला, खोली क्र. ४

विषय : खोली क्र. ११ रंगवण्यास पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळणेबाबत, तसेच भिंतींवरील खडूच्या वर्तुळांबाबत खुलासा.

संदर्भ : आपले पत्र जा. क्र. २१४, दि. ३ फेब्रुवारी, आणि त्यापेक्षा जास्त रागावलेले पत्र जा. क्र. २३१, दि. १२ फेब्रुवारी.

महोदय,

याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खोली क्र. ११ मध्ये, मी गेली नऊ वर्षे रोज संध्याकाळी सव्वीस मुलांचा विनामूल्य अभ्यासवर्ग घेत आहे. ही खोली २० तारखेपर्यंत रंगवून न झाल्यास काढून घेण्यात येईल व तेथे जुनी कपाटे ठेवली जातील, असे आपण कळवले आहे. कपाटांबद्दल माझ्या मनात आकस नाही. परंतु कपाटे कुठेही उभी राहतात. मुलांना बसायला जागा लागते.

आपण रंगाचे दोन डबे दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. गिलाव्याच्या दुरुस्तीसाठी तरतूद नाही, असे तोंडी कळले. म्हणून भिंत रंगारीकाकांना दाखवली. त्यांनी तिच्यावर एकदा हात फिरवला आणि "आजोबा, मी आज रंग लावीन हो, पण महिन्याभरात तो तुमच्या वह्यांवर पडेल," असे सांगून ते चहाही न घेता गेले. सबब, दुरुस्ती आम्हीच हाती घेतली. आपल्या दुसऱ्या पत्रासोबतच्या अहवालात ओव्हरसीयरसाहेबांनी घेतलेल्या आक्षेपांचा खुलासा पुढीलप्रमाणे :

१. "रंगाचा एकही हात मारलेला नाही." हे खरे आहे. सुटलेला गिलावा खरवडून काढला, धूळ झाडली, विटा ओल्या केल्या आणि पिठाच्या जुन्या चाळणीने वाळू चाळून, सिमेंटात कालवून, दोन थर भरले. ते अजून ओले आहेत. मुलाचे अक्षर आणि भिंतीचा थर, दोन्हींना घाई चालत नाही.

२. "मुले भिंतीवर पाणी उडवून खेळत होती." नव्या गिलाव्याला पाणी न मारल्यास तो तडकतो. मुले पाळीपाळीने पाणी मारत होती. ती हसत होती, हा आक्षेप मात्र मान्य आहे. साहेबांच्या सदऱ्यावर गेलेले पाणी धाकट्यांच्या पाळीचे होते. सदरा तडकलेला नाही.

३. "दारे-खिडक्या लावून आत विजेरीचे खेळ चालतात." विजेरी भिंतीलगत तिरपी धरली की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि पुट्टी कुठे भरायची ते कळते. पुट्टी आम्ही मोडक्या फुटपट्ट्यांनी ओढणार आहोत. आपणही घरी करून पाहावे. डोळ्यांना सपाट वाटणारी भिंत किती डोंगराळ असते, हे पाहून मौज वाटते.

४. वर्तुळे. हा अपराध माझा आहे. बोटाच्या पेराने भिंत वाजवावी. धरलेला गिलावा 'ठक' म्हणतो, सुटलेला 'डब' म्हणतो. 'डब' आले की तिथे खडूने वर्तुळ काढावे, असे मी शिकवले. पाढ्यांना जो वेग कधी आला नाही तो या धड्याला आला. "फक्त आपल्याच खोलीत" एवढे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले. खोली क्र. ११ संपल्यावर मुलांनी जिना घेतला, मग पहिला मजला, मग तळमजला. आता जावक विभागातल्या बाईंनी आपले टेबल खोलीच्या मधोमध ओढले आहे आणि शिपाईमामा हेल्मेट घालून फायली पोचवतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपण जेवायला गेला असताना आपल्या दालनात, खुर्चीच्या मागे, डोक्याच्या जरासे वर, ताटाएवढे वर्तुळ काढणारी मुलगी साडेसहा वर्षांची असून तिला सर्वजण चिमणी म्हणतात. मी तिला रागे भरलो. साहेबांच्या खोलीत कशाला गेलीस, असे विचारले. ती म्हणाली, "आजोबा, साहेब रोज तिथंच बसतात ना, म्हणून."

तरी इमारतीतली सर्व वर्तुळे मुले शनिवारी ओल्या फडक्याने पुसून देतील. परंतु विनंती अशी की, आपल्या मागचे पुसण्याआधी आपण ते एकदा स्वतः वाजवून पाहावे. हळूच, उभे राहून, एका बाजूला सरकून. 'ठक' आले तर चूक आमची. खोली मी आजच सोडतो, कपाटे सुखाने येवोत. 'डब' आले तर कृपया पंधरा दिवस द्यावेत. त्यांतले पहिले चार आपल्या भिंतीसाठी धरले आहेत.

आपला नम्र आणि कोपरापर्यंत सिमेंटने माखलेला,
(सही)
खोली क्र. ११ चे आजोबा
दि. १७ फेब्रुवारी

सोबत :
१. इमारतीतील पोकळ जागांचा नकाशा, तीन मजले (मुलांनी काढलेला, जिना थोडा वाकडा आहे).
२. खोली क्र. ११ ची किल्ली. 'ठक' आल्यास ठेवून घ्यावी. 'डब' आल्यास चिमणी बाहेर बाकावर बसली आहे, तिच्या हाती द्यावी.